कोरड्या मुलखांतील नेचे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना हंसूं आलें असेल, आणि त्यांत नवल नाहीं. नेचा ही वनस्पति आंबोलीच्या धुक्यांत, महाबळेश्वरच्या ओघळांच्या कांठीं, फार तर माथेरानच्या झाडीखालीं पाहावयाची. परभणीचें नांव ज्या वनस्पतींनीं देशभर नेलें त्या अगदीं निराळ्या: येथल्या कृषि विद्यापीठाची 'परभणी क्रांति' ही भेंडी आणि 'परभणी मोती' ही रब्बीची ज्वारी. मे महिन्यांत येथें पारा ४२-४३ अंशांवर चढतो, दुपारच्या हवेंतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. अशा ठिकाणीं, ज्याला बारमाही ओलसर हवा लागते असें झाड घरांत कुंडींत लावण्याचा हट्ट कोणीं धरावा? तो हट्ट मीं धरला. तीस वर्षांहून अधिक काळ धरला. त्यांतलीं पहिलीं दोन वर्षें केवळ झाडें मारण्यांत गेलीं. पुढें जें थोडेंफार समजलें तें सांगण्यासाठीं आज आपणांपुढें आलें आहें.

नेचा म्हणजे फूल, फळ आणि बी यांवांचून संसार करणारी वनस्पति. कोंवळें पान शंखासारखें गुंडाळलेलें बाहेर येतें आणि चार-सहा दिवसांत उलगडत जातें. ज्यानें एकदां हें उलगडणें रोज सकाळीं उठून पाहिलें त्याला फुलांची उणीव फारशी भासत नाहीं. निदान मला भासली नाहीं.

माझें माहेर सावंतवाडीजवळच्या एका खेड्यांतलें. तेथें नेचे कोणी लावीत नाहीं. मिरगाचा पाऊस पडला कीं जांभ्या दगडाच्या गडग्यावर, विहिरीच्या कांठाला, जुन्या कौलांच्या सांध्यांत ते आपण होऊन उगवतात, आणि त्यांना कोणी झाड म्हणूनहि मोजीत नाहीं. १९८९ सालीं लग्न होऊन मी परभणीस आलें. सासरचें घर जुन्या धर्तीचें, माळवदाचें, दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींचें. माणसें मायेचीं, परंतु फाल्गुन उजाडला आणि सगळीकडचा हिरवा रंग जणूं कोणीं पुसून काढला, तेव्हां माझा जीव कासावीस झाला. दिवाळसणाला माहेरीं गेलें होतें तेव्हां परसांतले सहा नेचे मुळांसकट काढून, ओल्या गवतांत बांधून बरोबर आणले होते. शेतांतली उत्तम काळी माती मागवून सहा कुंड्यांत ते लावले. पाडव्याच्या सुमारास सहाच्या सहा मेले.

ते कसे मेले हें सांगणें अवश्य आहे, कारण आपल्याकडील बहुतेक नेचे असेच मरतात. आधीं पानांचीं टोकें तपकिरी झालीं. मला वाटलें, पाणी कमी पडतें आहे. म्हणून एक वेळ घालीत होतें तें दोन वेळां घालूं लागलें. कडा आंत आंत वाळत गेल्या तसा मीं पाण्याचा तांब्या वाढवीत नेला. शेवटीं कुंडी उपडी करून पाहतें तों खालची माती चिखलासारखी, आणि मुळें काळीं पडून त्यांना वास सुटलेला. वरून पाहावें तर झाड तहानेनें गेलेलें, खालून पाहावें तर बुडून गेलेलें.

याचें कारण कठीण नाहीं. नेच्याचें पान पातळ. कोरड्या हवेंत त्यांतलें पाणी भराभर उडून जातें, आणि तेवढें पाणी मुळांनीं वर पोंचविलें पाहिजे. मुळांना तें काम करण्यासाठीं श्वास लागतो. आपली काळी माती अति बारीक कणांची. भिजली कीं फुगते आणि तिच्यांतलीं हवेचीं छिद्रें बुजतात, वाळली कीं भेगाळते आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळें तुटतात. शिवाय तिच्यांत चुनखडीचा अंश असतो, आणि बहुतेक नेच्यांना किंचित् आंबट माती मानवते. कापसाला व ज्वारीला ती लक्ष्मी. कुंडींतल्या नेच्याला ती थडगें होय. पानांना हवा ओली पाहिजे आणि मुळांना माती मोकळी पाहिजे, या दोन निराळ्या गरजा आहेत. मी दोहोंवर एकच औषध देत होतें, तें म्हणजे कुंडींत पाणी.

ही गोष्ट मला पुस्तकानें शिकविली नाहीं. मेलेल्या कुंड्या परसांत ओतीत असतां सासूबाईंनीं पाहिलें. त्या म्हणाल्या, "अगं, एवढें तोंड पाडायला काय झालें? हें तुझें गवत आमच्या मळ्यांतल्या विहिरींत उगवतें. चल, दाखवितें." मला तें खरें वाटेना. जिंतूरच्या वाटेवर आमचें गांव. वैशाखाची दुपार, वाऱ्याच्या झळा अंगाला भाजून काढीत होत्या. विहीर जुनी, घडीव दगडांची, आंत उतरावयाला पायऱ्या. चौथ्या-पांचव्या पायरीवर झळ लागेनाशी झाली. आठव्यावर हवा अंगाला गार लागली. दहाव्या-बाराव्या पायरीशीं सासूबाई थांबल्या आणि त्यांनीं भिंतीकडे बोट केलें. दगडांच्या सांध्यांतून हंसराजाचे झुबके लोंबत होते. काळ्या, चकचकीत, तारेसारख्या बारीक काड्या, आणि त्यांवर पंख्याच्या आकाराचीं नाजुक हिरवीं पानें. त्यांवर थेंब टाकला तर तो पान न भिजवितां घरंगळून जातो. ग्रीक भाषेंत या कुळाला 'न भिजणारा' अशा अर्थाचें नांव आहे. मे महिन्यांत, परभणी जिल्ह्यांत, कोणींहि पाणी न घालतां तो हंसराज वाढत होता.

त्या भिंतीपाशीं मी बराच वेळ बसलें. तेथें काय होतें? ऊन कधींच येत नव्हतें, तरी वरच्या आकाशाचा उजेड भरपूर होता. वारा नव्हता. खालच्या पाण्याची वाफ हवेंत राहून हवा ओलसर होती. दिवसरात्रींत उष्णतेचा चढउतार थोडा. आणि मुळांपाशीं? मूठभरहि माती नव्हती. चुन्याचा दर्जा, विटकरीचा भुगा, वर्षानुवर्षें सांचलेला पालापाचोळ्याचा कुजका गाळ. पाणी झिरपून येई आणि निथळून जाई. हंसराजाची ही जात चुना सोसते, किंबहुना तिला तो आवडतो. म्हणून ती विहिरींच्या भिंतींवर सुखानें राहते. विहिरीच्या वरच्या अंगाची एक वीट निखळून पायरीवर पडली होती, आणि तिच्या एका कोंपऱ्याला हंसराजाचें बोटभर रोप होतें. ती वीट सासूबाईंनीं माझ्या हातीं दिली आणि म्हणाल्या, "ही घे. बाकीच्याला हात लावूं नकोस."

ज्यांना हा अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनीं उन्हाळ्यांत एकदां आपल्याच जिल्ह्यांतील एखाद्या बारवेच्या पायऱ्या उतराव्या. चारठाण्याची पुष्करणी आहे. सेलू तालुक्यांत वालूरची बारव आहे, जिच्या पायऱ्या चक्रासारख्या वळत खालीं जातात. पायरीगणिक हवा कशी बदलते याकडे लक्ष द्यावें. आपल्या पूर्वजांनीं त्या पाण्यासाठीं बांधल्या, परंतु नेचे लावणाऱ्यानें हवेसाठीं त्या वाचाव्या. जातां जातां एक सांगतें. अलीकडे गांवोगांवचीं मंडळी श्रमदानानें बारवा साफ करतात, हें फार चांगलें काम आहे. पिंपळ-वडाचें रोप दिसलें तर तें काढावेंच, कारण त्याचें मूळ दगड सारतें. हंसराजाच्या केंसाएवढ्या मुळांत तें बळ नाहीं; त्याला राहूं दिलें तर बिघडत नाहीं.

वीट घरीं आणली. आतां घरांत विहीर कोठें शोधावी? ती सांपडली घडवंचीखालीं. त्या काळीं आमच्या स्वयंपाकघराच्या कोंपऱ्यांत घडवंचीवर रांजण असे. मातीचा रांजण सदा पाझरतो. त्याच्या अंगावरचें पाणी उडतें आणि भोवतालची हवा गार व ओली राहते. त्याखालीं परातींत वीट ठेवली. उंचावरच्या झरोक्यांतून उजेड येई, ऊन येत नसे. पावसाळा लागेपर्यंत त्या रोपाला चार नवीं पानें आलीं. सहा कुंड्या मारून जें साधलें नाहीं तें रांजणाच्या पाझरानें फुकट साधलें.

आज घडवंच्या गेल्या, माळवदाचीं घरेंहि थोडींच उरलीं. बहुतेक मंडळी सिमेंटच्या घरांत राहतात, आणि सिमेंट रात्रींहि तापलेलें असतें. तरी प्रत्येक घरांत विहिरीचा एखादा तुकडा असतोच. उत्तरेकडे खिडकी असलेलें न्हाणीघर ही पहिली जागा. ज्या सज्ज्यावर सकाळचे सात-आठ वाजल्यानंतर ऊन येत नाहीं, तो हिरवी जाळी लावून घेतल्यास दुसरी. उजेड पुरेसा आहे कीं नाहीं याची माझी परीक्षा सोपी आहे: दिवा न लावतां तेथें दुपारीं वर्तमानपत्र वाचतां आलें पाहिजे, आणि हाताची सांवली जमिनीवर ठसठशीत पडतां कामा नये. तिसरी जागा मला फार उशीरां सुचली, ती म्हणजे कूलरची खोली. आपल्याकडे उन्हाळ्यांत घरोघर कूलर चालतो. तो हवेंत गारवा सोडतो आणि ओलहि सोडतो. नेच्याला हवी तीच हवा. मात्र कूलरच्या झोतांत कुंडी ठेवूं नये. झोत ओला असला तरी वारा तो वाराच, पानें झोडपून काढतो. झोताच्या बाजूला, खोलीच्या कोंपऱ्यांत ठेवावी. वातानुकूलन यंत्राचा गुण याच्या नेमका उलट आहे. तें हवेंतली ओल काढून घेतें, त्या खोलींत नेचा सुकतो.

पानांवर पाण्याचा फवारा मारावा असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें असतें. तो मारून मारून माझीं बोटें दुखलीं. वैशाखांत फवाऱ्याची ओल कांहीं मिनिटांत उडून जाते आणि हवा पुन्हा होती तशी कोरडी होते. त्यापेक्षां कुंडी एका मोठ्या कुंडींत ठेवून मधल्या पोकळींत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. मातीच्या कुंड्या असल्या कीं हा रांजणच झाला. चार-पांच कुंड्या एकत्र दाटीनें ठेवल्या तर त्या एकमेकींची हवा राखतात.

मातीविषयीं आतां थोडक्यांत. काळी माती मुळींच नको. झाडाखालचा कुजलेला पालापाचोळा दोन भाग, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे एक भाग, जाड वाळू एक भाग, आणि मूठ-दोन मुठी लाकडी कोळशाचा चुरा, एवढें माझें मिश्रण आहे. नारळाच्या शेंड्यांचा भुसा मिळाला तर थोडा घालावा. तो आधीं दोन-तीनदां पाण्यांत धुऊन घ्यावा, कारण त्यांत कधीं कधीं मीठ असतें. बोट एक पेर खोल घालून पाहावें. ओल लागली तर पाणी घालूं नये, मग वरचीं पानें कितीहि केविलवाणीं दिसोत.

पाण्याचें प्रकरण याहून नाजुक आहे. आपल्या कूपनलिकांचें पाणी जड, क्षारांचें. वर्षभर तेंच घातलें तर कुंडीच्या कांठावर पांढरी पुटें चढतात, आणि हंसराजाखेरीज इतर नेचे पिवळे पडतात. सर्वांत उत्तम पावसाचें पाणी. पावसाळ्यांत पन्हाळीखालीं दोन पिंपें भरून झांकून ठेवलीं तर थोड्या कुंड्यांना तें हिवाळाभर पुरतें. वातानुकूलन यंत्राच्या नळींतून टपकणारें पाणी हवेंतून निथळलेलें असल्यामुळें जवळ जवळ क्षाररहित असतें. शेजाऱ्यांकडून मागून आणावें, ते आनंदानें देतात. परंतु पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रांतून जें पाणी टाकून दिलें जातें त्यांत सगळे क्षार एकवटलेले असतात. तें फरशी पुसावयाला घ्यावें, नेच्याला कधींहि नाहीं. कूलरच्या टांकीच्या तळचें पाणीहि तसेंच, रोज उडून उडून खारट झालेलें. काटकसरी माणसाचा हात नेमका या दोन पाण्यांकडे वळतो. माझाहि वळला होता.

आणि आतां ज्याबद्दल मला अनेकांनीं विचारलें तें. ज्या मुलखांत माणसांना पाणी नाहीं, त्या मुलखांत हा शौक करावा कां? हा प्रश्न मला कोणीं विचारण्याआधीं २०१६ च्या उन्हाळ्यानें विचारला. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी न्यावें लागलें. लातूर आमच्या शेजारचें. आमच्याहि गल्लींत टँकर येई आणि त्याच्यापुढें घागरींची रांग लागे. मीहि त्या रांगेंत उभी राहत असें. घरीं माझ्या अकरा कुंड्या होत्या. ऐन उन्हाळ्यांत अकरा कुंड्यांना दिवसाला एक बादली लागे. सासूबाईंचें वय तेव्हां ऐंशीच्या पुढें. त्या मला एक शब्द बोलल्या नाहींत. परंतु चार दिवसांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं त्या आपल्या आंघोळीला अर्धीच बादली घेत होत्या, आणि उरलेली कुंड्यांपाशीं ठेवून देत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. त्या दिवशीं सात कुंड्यांचें पाणी मीं तोडलें. त्या सातहि गेल्या. विहिरींतल्या विटेचा वंश त्यांत नव्हता, एवढें मात्र मीं पाहिलें होतें.

राहिलेल्या चारांसाठीं मीं मुलाचा मासे ठेवण्याचा जुना काचेचा हौद काढला. तळाला विटांचे तुकडे आणि कोळसा, त्यावर मिश्रण, त्यांत चारहि नेचे लावून एक तांब्या पाणी घातलें, वर काच झांकली आणि उत्तरेच्या खिडकीपाशीं ठेवून दिला. पाऊस येईतों त्याला आणखी एकच तांब्या पाणी लागलें. पान जी वाफ सोडतें तीच रात्रीं काचेवर जमून थेंबाथेंबानें खालीं येते. पाणी घराबाहेर जातच नाहीं.

ही युक्ति माझी नव्हे. लंडनमधले एक वैद्य, नॅथॅनिएल वॉर्ड, यांनीं १८२९ सालीं एका पतंगाचा कोश ओल्या मातींत घालून बाटलींत झांकून ठेवला होता. कोशाचें काय झालें तें राहो. त्या मातींतून एक नेचा आणि थोडें गवत उगवलें. वॉर्डसाहेबांनीं आपल्या अंगणांत नेचे लावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला होता, परंतु लंडनच्या धुरानें ते जगत नसत. बाटलींतला नेचा मात्र जवळ जवळ चार वर्षें जगला, तो झांकण गंजून बाटलींत पावसाचें पाणी शिरेपर्यंत. १८३३ सालीं त्यांनीं अशा दोन काचेच्या पेट्या भरून जहाजानें सिडनीला धाडल्या, आणि कित्येक महिन्यांच्या खाऱ्या प्रवासानंतर झाडें जिवंत उतरलीं. पुढें याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युननें चीनमधलीं चहाचीं रोपें हिंदुस्थानांत, हिमालयाच्या उतारावर आणलीं. लंडनचा धूर काय आणि परभणीची झळ काय, नेच्याला दोन्हींपासून आडोसा एकच. कोणास करून पाहावयाचें असेल तर मोठ्या तोंडाची बरणी पुरते. काचेवर सारा दिवस थेंब राहिले तर झांकण थोडा वेळ सरकवावें. आणि त्या काचेवर ऊन कधींहि पडूं देऊं नये. अर्ध्या तासांत तिची भट्टी होते आणि आंतला नेचा अक्षरशः शिजतो.

नेच्याला बी नाहीं असें मीं म्हटलें, मग त्याचा वंश वाढतो कसा? पानाच्या पाठीमागें तपकिरी ठिपके येतात. आमच्या शेजारच्या वहिनींना मीं मोठ्या हौसेनें एक नेचा दिला, आठ दिवसांनीं त्या म्हणाल्या, "कीड लागली होती, साबणानें सगळी पुसून काढली." ती कीड नव्हती, ते बीजाणूंचे पुंजके होते. हंसराजांत पानाची कड दुमडून त्यांवर पांघरूण घालते. असें एक पक्व पान कागदाच्या घडींत दोन दिवस ठेवलें तर तपकिरी धूळ मिळते. एका विटेवर उकळतें पाणी ओतून ती निवूं द्यावी, पावसाच्या पाण्यानें भरलेल्या ताटलींत उभी करावी, वर ती धूळ भुरभुरावी आणि सगळ्यावर काचेची बरणी पालथी घालून सांवलींत ठेवावी. कांहीं आठवड्यांनीं विटेवर हिरवी साय धरते. भिंगांतून पाहिलें तर नखाहून लहान, हृदयाच्या आकाराचे हिरवे पापुद्रे दिसतात. हा नेचा नव्हे, ही मधली पिढी. यांच्यावर पाण्याचा थर असला तरच त्यांतील पुंबीज पोहत स्त्रीबीजापर्यंत पोंचतें, आणि मग खरा नेचा डोकें वर काढतो. ही दोन पिढ्यांची आळीपाळी हॉफमाइस्टर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं उलगडून दाखविली. धीर मात्र हवा. बोटभर रोप व्हावयाला सहा महिने सहज लागतात.

नव्यानें आरंभ करणाऱ्यानें कोणते नेचे घ्यावे? रोपवाटिकेंत 'बोस्टन फर्न' म्हणून मिळतो तो सोशिक आहे. १८९४ सालीं अमेरिकेंत बोस्टनला धाडलेल्या रोपांत हा निराळ्या वळणाचा नेचा आढळला, म्हणून तें नांव. याचे बीजाणू बहुधा उगवत नाहींत. जमिनीसरपट धांवणाऱ्या दोऱ्यांना नवीं रोपें येतात तीं वेगळीं करावीं. त्याच्याच कुळांतल्या दुसऱ्या एका जातीला जमिनींत लहान गांठी धरतात, त्यांत पाणी सांठतें, म्हणून ती चार दिवसांची हयगय सोसते. जुन्या विटांच्या भिंतींवर, गटारांच्या कांठीं लांब पट्ट्यांच्या पानांचा एक नेचा आपण होऊन उगवतो, टेरिस विटाटा. तो आपल्या चुन्याच्या पाण्यालाहि भीत नाहीं. याच नेच्यानें जमिनींतलें आर्सेनिक शोषून आपल्या पानांत सांठवितां येतें असें २००१ सालीं फ्लॉरिडांत दिसून आलें. त्याकडे कोणी सहसा पाहत नाहीं, मला तो फार देखणा वाटतो. अगदीं झिरझिरीत पानांचे घाटांतले नेचे मात्र पाहून यावे आणि तेथेंच सोडावे.

या शेवटच्या वाक्यावर मी थोडी अडून बसणार आहें. सहलीला गेलेली मंडळी महाबळेश्वरहून, आंबोलीहून नेचे उपटून आणतात. मीहि तेंच केलें होतें, माहेरच्या परसांतले असले म्हणून काय झालें! वॉर्डच्या पेट्यांनीं इंग्लंडांत नेच्यांचें असें कांहीं वेड लागलें कीं १८५५ सालीं चार्ल्स किंग्जले यांनीं त्याला एक रोगासारखें नांवच देऊन टाकलें. त्या वेडापायीं किलार्नीचा पारदर्शक पानांचा नेचा इतका ओरबाडला गेला कीं तो कित्येक ठिकाणांहून नाहींसा झाला. दुसरेंहि एक ध्यानांत घ्यावें. आपल्या घाटांतल्या कित्येक जाती पावसाळा सरला कीं पानें टाकून जमिनीखालीं झोंपतात. उपटून आणणारा त्यांना मेल्या समजतो आणि दिवाळीनंतर कुंडी उकिरड्यावर रिती करतो.

नेचा घरांतली विषारी हवा शुद्ध करतो, म्हणून तो घ्यावा, असें आजकाल विकणारे सांगतात. १९८९ सालीं अमेरिकेंत बंद पेटींत कांहीं प्रयोग झाले होते, त्यांचा हा आधार. परंतु २०१९ सालीं असे सारे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हां दिसलें कीं खिडकी उघडल्यानें जेवढी हवा सुधारते तेवढी झाडांनीं सुधारावयाची तर दर चौरस मीटरला निदान दहा, कदाचित् हजार कुंड्या लागतील. एवढ्या कुंड्यांत आपण कोठें बसावें? खिडकी उघडावी, आणि नेचा आवडत असला तर आवडतो म्हणून ठेवावा.

आरंभ मृगाच्या पावसाबरोबर करावा. चार महिने हवा आपल्या बाजूची असते, तेवढ्यांत मुळें जम धरतात. आपल्याकडची थंडीहि विसरूं नये. डिसेंबर-जानेवारींत कधीं कधीं पारा ५ अंशांच्याहि खालीं उतरतो, तेव्हां सज्ज्यावरच्या कुंड्या रात्रीं आंत घ्याव्या. खत अगदीं पातळ, तेंहि पावसाळ्यांतच. किडीचें औषध शिंपडूं नये, नेच्याचीं पानें त्यानें करपतात. पांढरी कीड दिसली तर ओल्या कापसानें पुसून घ्यावी.

सासूबाई २०१८ सालीं गेल्या. त्याच्याहि आधीं मळ्यांतल्या विहिरीचें पाणी आटलें होतें. भोंवतालीं कूपनलिका खोल खोल गेल्या आणि विहिरीचा तळ उघडा पडला. खालीं पाणी नाहीं म्हणजे हवेंत ओल नाहीं. भिंतीवरचा हंसराज एका उन्हाळ्यांत वाळून गेला. घडवंचीखालच्या त्या विटेचा वंश मात्र माझ्याकडे आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत विहिरींत पुन्हा थोडें पाणी राहूं लागलें आहे असें गांवाहून कळलें, म्हणून गेल्या श्रावणांत मीं रोपें धरलेल्या तीन विटा बरोबर नेल्या आणि दहाव्या-बाराव्या पायरीशीं, दगडांच्या सांध्यांत बसवून आलें. दिवाळींत जाऊन पाहिलें तेव्हां दोन वाळल्या होत्या. तिसरीवर तीन पानें होतीं, आणि एक उलगडत होतें.